वेसूबायचा जोतेफोड पाट

शेलखारच्या खाजणातले, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीतले, सगळे पाट शेतांच्या कडेकडेने खाडीकडे जातात. एकच पाट एका पडक्या घराच्या जोत्याला मधोमध चिरून जातो. पाहुणे तिथे थांबतात. मग बांधावरची उघाडी, म्हणजे पाणी सोडायचं दार, राखणारे म्हातारे पोशा पाटील पाण्याकडे हात करून सांगतात, "हा वेसूबायचा पाट."

फार मागे, म्हणे, इथल्या खोताला खाडीवरच्या वाऱ्याची हौस आली. पाणी जायची जुनी वाट बुजवून तिच्यावरच त्याने दगडी जोतं घातलं, घर उठवलं. त्या पावसाळ्यात डोंगराचं पाणी खाजणात उतरलं, ते अडूनच राहिलं. अकरा दिवस भाताची रोपं पाण्याखाली. गाव हात जोडून गेलं. खोत म्हणाला, "पाणी तुमचं. ओंजळीनं उपसा."

गावची सून वेसूबाय तिथेच उभी होती. लावणी करून करून तिच्या पायांना चिखल्या झालेल्या, आणि तीच रोपं डोळ्यांदेखत कुजत चाललेली. ती घरी गेली, कुदळ घेतली, पदर खोचला आणि भर दुपारी जोत्याखाली खणायला लागली.

खोताने गड्याला हुकूम सोडला, "बुजव तो चर!" गडी म्हणजे वेसूबायचा सख्खा दीर, बामा. त्याने चिखलाची टोपली उचलली. वेसूबाय चरातच बसली.

"वैनी, उठ गो," तो रडकुंडीला आला.

"मी नाय उठनार. टाकायचाच हाय, तर माझ्या डोक्यावर टाक."

पहिली टोपली तिच्या गुडघ्यांवर पडली. दुसरीने चिखल कमरेला आला. असे सांगतात, की तिने डोळे मिटले नाहीत. तिसऱ्या टोपलीला बामाचे हात अडले. त्याने ती खोताच्या पायाशी भिरकावली, चरात उडी घेतली आणि वहिनीला मोकळी करून तिच्याच कुदळीने खणायला लागला. मग कोण थांबतो? अख्खं गाव उतरलं.

खोत ओट्यावरून ओरडत राहिला. ओहोटी लागली आणि अडलेलं पाणी असं काही धावलं, म्हणे, की जोत्याचा कोनाचा दगड होडीसारखा तरंगत खाडीत गेला. खोत भिजल्या पायांनी गाव सोडून गेला. वेसूबायने त्याच पाण्यात चिखल धुतला आणि शेतावर गेली.

आजही पावसाआधी गाळ काढताना पहिली कुदळ गावची सून मारते, आणि पाट कुणाच्याही शेताला लागून जावो, त्या दिवशी मालकाला विचारत नाहीत. गेल्या वर्षी इथे भराव टाकायला डंपर आला होता. सात सुना पाटात उतरून बसल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून पाहिला.

"वाजवला तेवढा वाजवला," पोशा पाटील सांगतात. "मग मागंमागंच गेला. वळायला जागा कोन देतो त्याला?"