मानमोड्याचं कुरण

एका राज्यात पवनी नावाची पंखांची घोडी होती, आणि तिचे नखरे काय विचारता! राजकुरणातल्या लसूणघास नावाच्या हिरव्या चाऱ्याखेरीज ती कशाला तोंड लावत नसे. नेमक्या त्याच कुरणात मानमोड्या मांत्रिक शिरला. राजानं त्याला हद्दपार केलं होतं; तो जमिनीत उतरता उतरता गरजला, "इथं उगवेल त्याची मान मोडीन!"

तेव्हापासून घास उगवे, दोन पानं उघडत आणि रोपं आडवी पडत. पवनीच्या बरगड्या दिसू लागल्या, मग तिनं अंगच टाकलं. तिला शिंगरू असल्यापासून वाढवणाऱ्या राजकन्या इरावतीचा जीव तुटत होता. ती रोज चांदीच्या घागरीनं रोपांना पाणी घाली. रोपं मरत, तशी ती जास्तच घाली.

"अगं वेडे, शत्रूलाच पाजतेस की!" बांधावरची टिटवी म्हणाली. त्या राज्यात पाखरं बोलत. "तीन कामं कर. आधी एक रोप उपट. कुठं मेलंय ते सांग."

इरावतीनं उपटलं. "पानं हिरवी आहेत. किडीनं कुरतडलेलं नाही. मातीलगतचा देठ मात्र कुजून दोऱ्यासारखा झालाय."

"म्हणजे तो मातीतच आहे. जास्त कुठं मेलीत?"

"खोलगटात. पाणी साचतं तिथं."

"तेच त्याचं घर. आता दुसरं काम. चर खणून पाणी काढून दे. खोलगटात काही वर्षं ज्वारीच घे, तिची मान त्याला सहजी मोडत नाही. घासाचं बी उंचवट्यावर, ओल बेताची होऊन वाफसा आल्यावर, विरळ पेर. फार खोल नको. आणि तिसरं. वरची माती सुकेपर्यंत थेंबभरही पाणी घालायचं नाही."

इरावतीनं पदर खोचून चर खणले, बी पेरलं आणि भरली घागर बाजूला ठेवली. राजा धावत आला. "उन्हानं करपेल सगळं!"

"करपू दे थोडं, तात. कुजून तर मरणार नाही."

बी उगवलं आणि जमिनीतून क्षीण आवाज आला. "इरावती, मी पवनी. ही रोपं तहानली आहेत. ती गेली की मीही जाईन. एक घागर ओत ना!"

राजकन्येचे डोळे भरून आले. हात घागरीकडे गेलाच. मग ती थबकली. पवनीला पंख होते, वाचा कुठं होती?

"घोटभरही मिळायचं नाही, मानमोड्या!" तिनं भरली घागर चरापलीकडं भिरकावली.

माती तडकली. सुकून चिपाड झालेला मांत्रिक वर आला आणि वाऱ्यानं हद्दीपार उडाला. शाप सुटला, तसा घास बघता बघता गुडघ्याएवढा झाला.

इरावतीनं पहिली पेंढी पवनीला हातानं भरवली. ती चघळत राहिली, लटपटत उभी राहिली आणि राजकन्येला पाठीवर घेऊन थेट आभाळात झेपावली. इरावती रडत होती, हसत होती. खाली राजा ओरडत होता, "अगं, जपून!"

रान पुन्हा रानासारखं झालं, घोडी पुन्हा घोडीसारखी. ऐकणाऱ्यांचीही शिवारं अशीच ताठ उभी राहोत.