विकतचा वारा

तांबडगडच्या महाराजांची कापड रंगवायची कंपनी होती. तिच्या भट्ट्यांनी आसपासचे डोंगर असे खाऊन टाकले होते की दात कोरायला काडी मिळेना. त्यात परदेशी व्यापारी अडून बसले, "धुरातलं कापड नको. ऊन-वाऱ्यावर रंगवलेलं असेल तरच घेऊ."

महाराज हवालदिल झाले. दिवाणजी मात्र हसले. त्यांचं डोकं असल्याच कामात चालायचं.

"घाटापलीकडच्या राज्यात पवनचक्क्या आहेत, महाराज. त्यांचा वारा विकत घेऊ. वारा तिथंच राहील, चक्क्या त्यांचंच पीठ दळतील, फक्त नाव आपलं लागेल."

"आणि आपल्या भट्ट्या?"

"त्या चालूच. लाकडाला कवठी गावची देवराई आहे ना!"

कंपनीच्या धुराड्यावर हिरवा झेंडा चढला. त्याची काठीसुद्धा देवराईतलीच फांदी तोडून केली होती.

दरबारात महाराजांच्या डोक्यावरचा झालरीचा पंखा मथुरा नावाची बाई दोरीने ओढायची. ती कवठीची. गावाला पाणी पाजणारा एकुलता एक झरा त्या देवराईत होता. झाडं गेली की झरा गेला, हे कवठीतलं शेंबडं पोरही सांगेल. मथुराने दोरी न सोडता तोंड उघडलं.

"सरकार, आपली भट्टी लाकडावर चालती. वाऱ्यावर न्हाई."

महाराजांचा पारा चढला. "आम्ही रोख मोजून वारा घेतलाय! कंपनी त्या वाऱ्यावर चालत नाही, हे आमच्याच तोंडून वदवून दाखव. उद्या सूर्य मावळेपर्यंत. नाही जमलं, तर देवराईतलं पहिलं झाड तुझा भाऊ तोडेल."

दुसऱ्या दिवशी वैशाखातल्या भर दुपारी दरबार भरला आणि पंखा जागचा हलेना. मथुरा हाताची घडी घालून स्वस्थ उभी होती. महाराजांच्या मिशांवरून घाम ओघळू लागला.

"पंखा का थांबवलास?"

"थांबला कुठं, सरकार? घाटापलीकडं मामाच्या गोठ्यात माझा भाऊ पहाटेपासनं ओढतोय."

"गोठ्यात? तिथं वारा कोण खातंय?"

"म्हैस, सरकार. पण नाव आपलंच लावलंय."

दरबारात खसखस पिकली. दिवाणजी पगडीखालचा घाम पुसत पुढे झाले. "तसं बघायला गेलं तर, महाराज, कागदोपत्री आपल्याला गार वाटतंय."

"गप्प बसा!" महाराज कडाडले. "तिकडच्या पंख्याने इथला घाम सुकतो का?"

"मग तिकडच्या चक्कीनं इथला रंगाचा हंडा तापतो का, सरकार?" मथुराने विचारलं.

"नाही तापत! लाकडावर तापतो!" महाराज ओरडले, आणि लगेच जीभ चावली.

मग महाराजांचं पोट हलायला लागलं. "म्हैस!" एवढंच म्हणत ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी मथुराला दिलं. "देवराई तुझी. आणखी काय हवं ते माग."

मथुराने पंख्याची दोरी उचलून दिवाणजींसमोर धरली. "आपल्या टेकडीवर आपली चक्की फिरेपर्यंत आणि कंपनीच्या गच्चीवर हंडे उन्हात तापेपर्यंत पंखा यांनी ओढावा."

आजवर दिवाणजींचं एकही काम वेळेत झालं नव्हतं. हे मृग लागायच्या आत झालं.