लाडवानंतरचा प्रश्न

डोंगरापलीकडच्या एका गावात यशोधराबाई ढमढेरे नावाच्या एक बाई होत्या. मन जड झालेल्या पोरापोरींसाठी त्या एक केंद्र चालवत. दर शनिवारी मुलं जमत आणि बाई त्यांना आनंदी राहण्यावर व्याख्यान देत. व्याख्यान असं लांबलचक, की भिंतीवरची पाल ऐकता ऐकता पेंगायची आणि पट्‌कन खाली पडायची. खोटं वाटत असेल तर पालीला विचारा.

व्याख्यान संपलं की बाई दारात उभ्या राहत, प्रत्येकाच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवत आणि विचारत, "काय, कसं वाटलं?"

"छान वाटलं, बाई!"

सगळ्यांना छान वाटतंय, म्हणजे केंद्र झकास चाललंय. बाई निर्धास्त होत्या.

मग अशा केंद्रांसाठी एक ऑनलाइन प्रशिक्षण निघालं. आपल्या कामाचा खरंच उपयोग होतो का, ते कसं तपासायचं, हा विषय. केंद्रांना पोसणाऱ्या संस्थेच्या दाजीसाहेबांनी बजावलं, "शेवटच्या दिवशी मी स्वतः ऐकणार. उपयोग नसेल त्या केंद्राला कुलूप!"

बाई मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून बसल्या. पडद्यावरून प्रशिक्षण देणाऱ्या झरीन मॅडमनी विचारलं, "मुलांना कधी विचारता?"

"लाडू दिल्यावर."

"आणि जी यायची थांबली, त्यांना?"

बाईंना केंद्रातली रेवती आठवली. ही पोर यायची थांबली होती. बरी झाली असेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पण आता तो प्रश्न डोक्यात शिरला तो निघेना. भाजी चिरताना तोच, केस विंचरताना तोच. शेवटी त्या रेवतीच्या घरी गेल्या. लाडू मुद्दाम नेला नाही.

रेवती पडदे ओढून बसली होती.

"तू तर दर वेळी छान म्हणायचीस गं!"

"हातात लाडू, समोर तुम्ही. दुसरं काय म्हणणार, बाई?"

बाईंच्या मनाला लागलं. पण कुतूहल त्याहून मोठं होतं. "मग कशाचाच उपयोग नव्हता?"

"होता ना. व्याख्यान संपल्यावर केंद्राच्या ओट्यावर चपला घालताना आम्ही बोलायचो. कुणाला झोप येत नाही, कुणाला उगाच रडू येतं. पण तेवढ्यात तुम्ही ओरडायचात, 'चला, पळा घरी!'"

बाई आणखी घरं फिरल्या. बहुतेकांनी तेच सांगितलं.

शेवटचा दिवस उजाडला. एकेक केंद्रप्रमुख सांगू लागला, "आमच्याकडे सगळे आनंदी!" बाईंची पाळी आली. कुलूप डोळ्यांपुढे लटकत होतं. तरी त्या बोलल्या,

"माझ्या व्याख्यानाचा काडीचा उपयोग नाही. उपयोग चपला घालण्याचा होतो."

नेटवर्क बिघडलं की काय, म्हणून दोघातिघांनी मोबाइल हलवून पाहिले.

"मग आता?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"व्याख्यान बंद. लाडू मुलं आल्याबरोबर. आणि चपला घालायला अख्खी दुपार."

"त्याचाही उपयोग नाही झाला तर?"

"तर पुन्हा विचारीन."

दाजीसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. "चालू ठेवा. खरं सांगणाऱ्या केंद्राला कुलूप लावून मी काय करू?"

पुढच्या शनिवारी रेवती ओट्यावर होती. एक चप्पल पायात, एक हातात, आणि शेजारणीशी बोलणं रंगलेलं.

"आज कसं वाटतंय गं?" बाईंनी विचारलं.

"आज जरा वाईटच वाटतंय, बाई."

बाईंचा चेहरा उजळला. "सरक बघू," म्हणत त्या तिच्या शेजारी बसल्या आणि ऐकू लागल्या.

पाल त्यानंतर एकदाही पडली नाही.

तात्पर्य: आपल्या कामाचा उपयोग होतो का, हे विचारायचं तर समोरच्याला 'नाही' म्हणायची मोकळीक द्यावी, आणि ते 'नाही' आपल्या लाडक्या गोष्टीवर येऊन पडलं, तरी ऐकावं.