काचेवरचा छज्जा

“मग आता तरी सांगा उस्ताद, यात उणं काय हाय?”

 बाबालाल मिस्त्री मोटारीभोवती सावकाश फिरत होते.

मोटार उभी होती मिरजेबाहेरच्या माळावर, एका लहानशा दर्ग्याच्या आवारात. बाबालालनी उभी हयात पत्रा ठोकण्यात घालवली होती. चेपलेली मोटार त्यांच्या हाताखालून गेली की ती कुठं आपटली होती हे तिच्या मालकालाही ओळखू येत नसे. हात थरथरायला लागले तसं त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि दर्ग्याची झाडलोट पत्करली. लोक आता त्यांना फकीर म्हणत.

श्रीरंग पांचाळ मात्र उस्तादच म्हणे. पत्रा धरायला तो त्यांच्याकडेच शिकला होता. आता सांगलीत त्याचं गॅरेज होतं आणि नावही झालं होतं.

मोटार एका डॉक्टरांची, जुनी पांढरी अँबॅसिडर. डॉक्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. सकाळी पूर्वेला जतच्या दवाखान्यात जायचं आणि संध्याकाळी पश्चिमेला परतायचं, म्हणजे जाता-येता ऊन समोरून डोळ्यांत. ऊन अडवायची आतली झापड पुरत नव्हती. जुन्या मोटारींना असायचा तसा, काचेच्या वर बाहेरून एक छज्जा बसवून द्या, असं त्यांनी श्रीरंगला सांगितलं. या मोटारीला बसेल असा तयार छज्जा कुठं मिळेना.

श्रीरंगनं तो पत्र्यातून हातानं घडवला. पोलिसाच्या टोपीच्या काठासारखा बाक दिला. वरून मोटारीचाच पांढरा रंग, खालून काळा, डोळ्यांवर चकाकू नये म्हणून. आणि टप आणि छज्जा यांच्यातला सांधा त्यानं असा बुजवला की नख फिरवलं तरी अडत नव्हतं. मोटार कारखान्यातून निघतानाच छज्जा घेऊन निघाली असावी, असं बघणाऱ्याला वाटे.

त्या सांध्यावर त्याचा फार जीव होता.

शिकत असताना उस्तादांनी त्याला कधी शाबासकी दिली नव्हती. चुकलं की तोच पत्रा परत हातात द्यायचे. जमलं की दुसरा द्यायचे. एवढंच. आज मात्र ती शाबासकी घेतल्याशिवाय जायचं नाही, असं ठरवून तो आला होता.

बाबालालनी सांध्यावरून बोट फिरवलं.

“एकट्यानं केलंस?”

“एकट्यानं.”

“आणि भूपाल?”

श्रीरंग दुसरीकडे बघू लागला...

भूपाल चौगुले आणि तो, दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते. गॅरेजही दोघांनी मिळून काढलं होतं. भूपाल कमी बोले. छज्ज्याचं काम चालू असताना डॉक्टर बघायला आले, तेव्हा त्यांच्यासमोर तो म्हणाला की वरच्या बाजूनं थोडी फट सोडू या, वाऱ्याला वाट पाहिजे. श्रीरंगला ते लागलं. गिऱ्हाइकासमोर आपल्या कामात खोट काढतो म्हणजे काय? ज्याला सांधा जमत नाही तो फट सोडतो, असं तो बोलून गेला.

भूपालनं हातोडी जागेवर ठेवली. हात धुतले आणि घरी गेला. तो परत आला नाही, आणि श्रीरंगनंही त्याला बोलावलं नाही.

हे सगळं श्रीरंगनं उस्तादांना सांगितलं. पण सांगताना असं सांगितलं की भूपालचंच हल्ली कामात लक्ष नसतं.

“चल,” म्हणून बाबालाल मोटारीत जाऊन बसले.

जतच्या रस्त्याला लागल्यावर सकाळचं ऊन समोर आलं. छज्ज्याची सावली दोघांच्या डोळ्यांवर नेमकी पडली. श्रीरंगनं हळूच शेजारी बघितलं. उस्तादांचे डोळे शांत उघडे होते. त्याला आतून गुदगुल्या झाल्या.

मग वेग वाढला, आणि वरून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. आवाजापाठोपाठ थरथर आली. स्टिअरिंग हाताला हलकं लागू लागलं. वेगात एवढं व्हायचंच, श्रीरंग म्हणाला; पण बसवल्यापासून छज्जा तसूभर हललेला नाही.

“हलला न्हाई,” बाबालाल म्हणाले. “झगडतोय.”

श्रीरंगनं स्टिअरिंग आवळून धरलं.

“काच खाली घे. हात बाहेर काढ.”

रस्ता मोकळा होता. त्यानं तळवा वाऱ्यासमोर धरला.

“बोटं जुळव.”

वाऱ्यानं हात मागं रेटला. खांद्यातून जोर लावून त्यानं तो कसाबसा धरून ठेवला.

“आता सोड.”

बोटं सुटी झाली... वारा त्यांच्यामधून निघून गेला. हात होता तिथंच राहिला.

 न सांगताच श्रीरंगनं मोटार कडेला घेतली. उतरून त्यानं सांधा नीट बघितला. डाव्या कोपऱ्यात, रंगाखालून, केसाएवढी चीर गेली होती.

 डॉक्टर रोज याच रस्त्यानं जाणार. एखाद्या दिवशी वाऱ्यानं तो पत्रा उचकटून टपावरून मागं फेकला असता. मागून कुणी मोटारसायकलवर येत असतं, मागं बायको बसलेली असती, तर...

तो उस्तादांच्या खिडकीपाशी आला.

“उस्ताद, फट किती ठेवू?”

“मला काय विचारतोस? ज्याला आधी दिसलं त्याला विचार.”

उस्तादांना दर्ग्यावर सोडून श्रीरंग भूपालच्या घरी गेला. भूपाल घरासमोरच्या झाडाखाली जोंधळ्याची पत्र्याची कोठी ठोकत होता. श्रीरंग समोर येऊन उभा राहिला तरी त्याची हातोडी थांबली नाही. वाटेत येताना श्रीरंगनं पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. माझं चुकलं कसं म्हणायचं, तेही ठरवलं होतं. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघेना.

“सांध्याला चीर गेलीय,” तो म्हणाला.

हातोडी थांबली.

“कुठल्या अंगाला?”

“डाव्या,” श्रीरंग म्हणाला.

“तू म्हणालास ते...” त्यानं पुढं सुरुवात केली. पण भूपाल तोवर उठला होता. त्यानं पायात चपला घातल्या आणि मोटारीकडे चालू लागला.

गॅरेजवर आल्यावर सांधा कापायला श्रीरंगनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पत्रा कापताना ठिणग्या उडत होत्या आणि त्याचे दात आवळलेले होते. भूपालनं टपापासून सुटं अंतर राखून छज्ज्याला नवे आधार दिले, आणि मागचा काठ थोडा खाली वळवला. कडा घासायला दोघं एकाच वेळी दोन टोकांकडून लागले आणि मधे येऊन भेटले. आता छज्जा वरून बसवलाय हे कुणालाही दिसत होतं.

मग त्यांनी मोटार रस्त्यावर काढली. वेग वाढवला, आणखी वाढवला. वरून आवाज नाही. स्टिअरिंग हातात घट्ट, आणि समोरचा रस्ता सावलीत लांबवर स्वच्छ. श्रीरंगची छाती भरून आली. सांधा बुजवला होता तेव्हाही ती अशी भरून आली नव्हती. त्यानं भूपालकडे बघितलं. भूपाल खिडकीबाहेर बघत होता, पण त्याच्या गालावर हसू होतं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोघं दर्ग्यावर आले.

बाबालाल आवार झाडत होते. त्यांनी वाकून छज्ज्याखाली बघितलं, फटीत बोट घातलं आणि पुन्हा झाडायला लागले. यावेळी श्रीरंगनं काही विचारलं नाही.

नवस फेडायला आलेला एक माणूस तेवढ्यात मोटारीपाशी थांबला. चांगला जाणता दिसत होता. छज्जा त्यानं पुढून बघितला, बाजूनं बघितला, मुठीनं हलवून बघितला. आपल्याकडेही वडिलांच्या वेळची मोटार आहे, म्हणाला. असं हाताचं काम आता बघायला मिळत नाही.

“हे काम कुणाचं?” त्यानं विचारलं.

श्रीरंगनं सवयीनं तोंड उघडलं... आणि मिटलं. त्यानं भूपालकडे बघितलं. भूपाल मडगार्डवर नसलेला डाग पुसत होता.



बाबालालनी झाडू भिंतीला टेकवला. दोघांच्या मधे येऊन, दोघांच्याही खांद्यावर हात ठेवून ते ताठ उभे राहिले.

“माझं.”