राखलेली जागा

लहानथोरांनो, ऐका. राजेसुद्धा फासे टाकत, त्या फार जुन्या काळी एका नगरात जुगारशाळा होती. तिथे ओळीनं लाकडी चक्रं मांडलेली असत, प्रत्येकापुढे बसायला एक पाट. चक्र फिरवायचं, काट्याखाली हत्तीचं चित्र आलं, की डाव जिंकला. जुगार वाईटच, त्यावर वाद नको. पण त्या वाईट घरातही एक चांगली रीत होती.

कोणी पाणी प्यायला उठला, की पाटावर उपरणं ठेवी आणि शेजाऱ्याला म्हणे, "जागा राखा." तो परत येईपर्यंत शेजारी त्या चक्राला कुणाला हात लावू देत नसे.

एक तांबट मात्र हावरा. बराच वेळ हत्ती न दिलेलं चक्र आता देणारच, अशी त्याची पक्की समजूत. एके दिवशी शेजारच्या पाटावरचा कुंभार उठला. उपरणं ठेवून म्हणाला, "दादा, जागा राखा."

तांबटानं मान डोलावली. कुंभार बाहेर जातो न जातो, तोच त्यानं उपरणं खाली फेकलं, त्या पाटावर स्वतःची पगडी ठेवली आणि दोन हातांनी दोन चक्रं फिरवू लागला.

कुंभार परतला. "दादा, ही माझी जागा."

"तुला कशाला रे चक्र? घरी आहे की एक. जा, मडकी घडव."

एकदोघे हसले, बाकीच्यांनी माना खाली घातल्या. कुंभारानं उपरणं उचललं, झटकलं आणि निघून गेला.

थोड्या वेळानं तांबटाच्या घराशेजारची बाई धापा टाकत दारात आली. "भावजी, उठा. तुमच्या आईचं काही खरं नाही. तुमच्या हातचं पाणी मागताहेत."

तांबट उठला आणि तसाच थबकला. "कुणी जागा राखता का माझी?"

एक म्हातारा मान वर न करता म्हणाला, "कुंभाराची राखलीस, तशी राखू?"

तांबट परत खाली बसला. "एवढा एकच डाव." एकाचे किती झाले, त्याचं त्यालाच कळलं नाही. अखेर हत्ती आला. जिंकलेलं कमरेला बांधून तो धावत सुटला. पगडी मात्र पाटावरच ठेवली, जागा जाऊ नये म्हणून.

घरी बायका अंगणात उभ्या होत्या. आत आईचं डोकं मांडीवर घेऊन कुंभार बसला होता. हाताशी पाण्याची वाटी होती.

"वाटेनं जात होतो, कण्हणं ऐकू आलं," कुंभार म्हणाला. "त्यांना दिसत नव्हतं. लेक आला का, विचारत होत्या. मी म्हटलं, येतोय. तुमची जागा राखली, दादा. पण तुम्ही आलाच नाहीत. शेवटी पाणी मीच घातलं."

तांबट बोडक्या डोक्यानं आईच्या पायाशी बसला. तिथे आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्याची जागा जो राखत नाही, त्याला आपली जागा सोडता येत नाही. आणि जिथं त्याची खरी जागा असते, तिथं तो वेळेवर पोचत नाही.