माझ्याकडे तर उघडतं

“…मग कुमुदबाईंना का उघडत नाही?”

शार्दूलने लॅपटॉपवरून मान वर केली नाही. “त्यांचंच काहीतरी चुकतंय, बुवा. माझ्याकडे तर उघडतं.”

निरंजनबुवा मांडीवरच्या सुपातले तांदूळ निवडत राहिले.

त्यांचं हे न बोलणं शार्दूलला आताशा टोचायला लागलं होतं.

तापीकाठच्या या छोट्या मठात तो आठ महिन्यांपूर्वी आला. चांगली नोकरी सोडून, अनुग्रह मागायला. बुवांनी अनुग्रह दिला नाही, काम दिलं. मठात एक जुनी पोथी होती. तिची पानं मठाच्या वेबसाइटवर ठेवायची, पण वाचायची ती सभासदांनीच. पोथी ज्या घराण्याने दिली, त्याला तसा शब्द दिलेला.

“दोनशे घरांत पोथी उघडली, की तुझ्या अनुग्रहाचं बोलू,” बुवा म्हणाले होते.

उद्या पहाटे पारायण बसायचं होतं. दोनशे घरांत, ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यापुढे. आणि आज दिवस चांगला वर आला, तरी पोथी उघडत होती एकाच माणसाला.

शार्दूलला.

कुलूप त्याने फक्कड घातलं होतं, यात वाद नाही. पोथीच्या फोल्डरला पासवर्ड. शेजारी सभासदांची यादी सांभाळणारं सॉफ्टवेअर. यादीतलं नाव जुळलं तर या, नाहीतर चालते व्हा. सकाळपासून त्याने यादी दोनदा ताडून पाहिली. दोनशे जणांना नवे पासवर्ड करून दिले. दर वेळी स्वतः उघडून बघितलं, आणि दर वेळी पोथी समोर हजर.

फोन वाजला. यावलच्या कुमुदबाई नारखेडे, निवृत्त शिक्षिका, वय चौऱ्याहत्तर. आजचा हा पाचवा फोन. शार्दूलने कपाळाला आठी घातली आणि फोन स्पीकरवर टाकला.

“दादा, तुमचं दार मला पुन्हा दारातच आणून सोडतं हो. घाण्याच्या बैलासारखी सकाळपासून गोल फिरतेय मी.”

“पत्ता टाकताना एखादं अक्षर चुकत असेल, बाई.”

“तेहेतीस वर्षं पोरांचं शुद्धलेखन तपासलंय. अक्षर माझं चुकायचं नाही.”

“मग नेट मंद असेल तुमचं.”

“त्याच नेटवर नातू नाशिकहून पोहे खाताना दिसतो मला. वरच्या खोबऱ्यासकट.”

बुवा खुदकन हसले. सुपातले चार दाणे जमिनीवर सांडले, ते त्यांनी एकेक करून वेचले.

फोन ठेवून शार्दूल म्हणाला, “बघितलंत? आता यांना काय सांगायचं?”

“तुला दारात कोणी अडवत नाही?”

“मला कशाला अडवेल? मशीन ओळखते मला.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. कुलूप घालायच्या आधीच मी नाव-पासवर्ड टाकून आत गेलो होतो. पासवर्ड लक्षात ठेवू का, असं मशीनने विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. विषय संपला.”

“आणि बाहेर पडायचं झालं तर?”

“त्याला लॉग-आऊट म्हणतात, बुवा.”

“ते कधी केलंस?”

“गरजच पडली नाही…”

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात रेटून उठले आणि अंगणात गेले.

परत आले तेव्हा त्यांच्या हातात शार्दूलच्या चपला होत्या. त्यांनी त्या त्याच्या पायाशी ठेवल्या. नीट जोडून, दाराकडे तोंड करून.

शार्दूल ताडकन उभा राहिला. “बुवा! तुम्ही माझ्या चपला…”

“घाल.”

“कुठे जायचंय?”

“यावलला. कुमुदबाई होऊन ये.”

…

शार्दूलने चपलांकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. मग खाली बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याने लॉग-आऊटवर बोट दाबलं, आणि पोथीच्या दाराशी नव्याने गेला.

चक्र फिरलं. थांबलं. पुन्हा फिरलं. नाव कोणी विचारेचना.

त्याची कानशिलं तापली.

नाव विचारणारं पान त्याने स्वतःच पोथीच्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. सगळं एका जागी, टापटीप. आणि कुलूप घातलं होतं अख्ख्या फोल्डरला. आत जायचं तर नाव सांगा, आणि नाव सांगायचं तर आधी आत या!

त्याने ते पान उचललं आणि कुलपाच्या अलीकडे, ओसरीवर आणावं तसं आणून ठेवलं. पाच मिनिटांचं काम.

मग स्वतःहून यावलला फोन लावला. “बाई… चूक माझी होती. आता बघता का?”

पलीकडे टकटक झाली. मग हळूच आवाज आला, “दिसली हो, दादा. काय अक्षर आहे! शंभरपैकी शंभर द्यावेत.”

दुपारपर्यंत दोनशेच्या दोनशे घरांतून निरोप आले. शार्दूलची पाठ पुन्हा ताठ झाली.

“बुवा, सगळ्यांकडे उघडली पोथी. आता माझ्या अनुग्रहाचं…”

“तू कुठे आहेस?”

त्याने लॅपटॉपकडे पाहिलं. खरंच की. तो अजून बाहेरच होता.

त्याने नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पोथी उघडली. आणि वरच्या कोपऱ्यात ती जुनी, ओळखीची चौकट आली.

“काय म्हणतंय?”

“तेच. पासवर्ड लक्षात ठेवू का? म्हणजे पुन्हा कधी दारात थांबायला नको.” सवयीने त्याचं बोट ‘हो’वर गेलंही होतं.

बुवा पोथीच्या खोलीकडे निघाले होते. उंबरठ्याशी थांबले. चाळीस वर्षं या मठात काढलेला हा माणूस त्या उंबरठ्याशी रोज थांबायचा. आत कोणी नसायचं, तरी विचारायचा. म्हाताऱ्याची खोड, म्हणून शार्दूल मनातल्या मनात हसायचा.

“येऊ का?” बुवांनी रिकाम्या खोलीला विचारलं.



मग मागे न वळताच ते म्हणाले, “मलाही हे दार चाळीस वर्षं तेच विचारतंय, ‘लक्षात ठेवू का?’ मी अजून ‘नको’च म्हणतो.”