पूर्ण हजेरीचा झेंडा

“...पण नुसतं अंग गरम लागलं म्हणून मूल घरी ठेवायचं, तर शाळा चालवायची कशी?”

हेडमास्तर घोलप तावातावानं विचारत होते. समोर दर्ग्याच्या ओट्यावर चार गावकऱ्यांत फकीर लालशाबाबा लोबान फुंकत बसले होते. मास्तरांच्या मांडीवर त्यांचीच मुलगी वेणू तापानं फणफणली होती.

ज्या वर्गाची हजेरी पूर्ण, त्याच्या दारावर झेंडा, अशी मास्तरांच्या शाळेची रीत. यंदा तो वेणूच्या वर्गावरून हलला नव्हता. मास्तरांची मान त्या झेंड्याच्याही वर असायची.

“बाबा, तुम्ही मोरपिसं फिरवा. उद्या हजेरी होईपर्यंत ताप उतरला म्हणजे झालं.”

“आज शाळेत कशी गेली?”

“सकाळी गोळी दिली. घाम आला, हजेरी लागली.”

“मग?”

“मग... बाकावर डोकं टेकून पडली.”

“शेजारी कोण बसतं?”

“शकू. तिलाही कालपासून ताप आहे.”

“ती आली?”

“आली की. पोटच्या पोरीला सूट नाही, तिला कशी देऊ?”

बाबांनी हातातला मोरपिसांचा कुंचला खाली ठेवला.

“नाही फिरवत.”

“का?”

“ताप खरं बोलतोय. त्याचं तोंड मी दाबणार नाही.”

मास्तरांचा पारा चढला. “आज हिला सोडलं, तर उद्या अर्धी शाळा पांघरूण ओढून पडेल.”

बाबा वेणूकडे वळले.

“बेटी, तुला काय हवंय?”

वेणूनं बापाकडे पाहिलं. नजर खाली घातली नाही.

“झोपायचंय. मी शाळेत जाणार नाही.”

मास्तरांना ‘नाही’ म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. त्या एवढ्याशा पोरीची होती, याचा मला अजून आनंद वाटतो.

बाबा उठले. आत गेले. कबरीवरची हिरवी चादर सरळ ओढून आणली आणि वेणूला गळ्यापर्यंत पांघरली.

ओट्यावरची माणसं ताडकन उभी राहिली. मास्तर हबकले.

“बाबा, पिराच्या अंगावरची चादर? काही रीतभात आहे की नाही?”

“आहे.”

“मग?”

बाबांनी वेणूच्या पायाशी चादर नीट खोचली. तिचा डोळा लागला होता...

“पीर कित्येक वर्षं निजून आहे, मास्तर. जा, आधी त्याची गैरहजेरी लाव.”